शिक्षकांच्या वर्गप्रकल्पांसाठी लोकनिधीतील लघुअनुदान : अमेरिकेतील अनुभव आणि महाराष्ट्रातील लोकवर्गणी

प्रस्तावना

शिक्षणासाठी लोकांनी पैसा द्यावा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि संस्थेच्या वसतिगृहांतील मुलांसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची 'मुष्टिफंडा'ची रीत पुढे रूढ झाली. कोकणातील गावांची मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळे आपल्या गावच्या शाळेला पत्रे, बाके, पाण्याची टाकी देत आली आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या बिलातून शिक्षणासाठी कपात झाली आणि त्या पैशातून शाळा-महाविद्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत तर लोकांकडून रोख वा वस्तुरूपाने मदत मिळविण्याच्या या प्रकाराला 'शैक्षणिक उठाव' असे स्वतंत्र नावही आहे.

या समृद्ध परंपरेत एक गोष्ट मात्र सहसा आढळत नाही. समाजाने दिलेला पैसा शाळेला मिळतो, संस्थेला मिळतो, इमारतीला मिळतो. एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गासाठी स्वतः योजलेल्या कामाला, त्याच्याच निर्णयाने खर्च करण्यासाठी, तो क्वचितच मिळतो. शिक्षकाला एखादे कौशल्य शिकून यावयाचे असेल तर त्यासाठीही लोकवर्गणी झाल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नेमक्या याच कामासाठी स्थानिक लोकनिधी उभे राहिले. त्यांचे स्वरूप, कार्यपद्धती आणि त्यांतून निर्माण झालेले प्रश्न यांचा परिचय करून देणे आणि त्या प्रकाशात आपल्याकडील लोकवर्गणीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लघुअनुदान : संकल्पना

लघुअनुदान म्हणजे स्थानिक समाजाने उभारलेल्या निधीतून एका शिक्षकाला किंवा दोन-तीन शिक्षकांच्या गटाला एका विशिष्ट कामासाठी दिलेली छोटी रक्कम. अमेरिकेत ही रक्कम सर्वसाधारणपणे काहीशे डॉलरपासून एक-दोन हजार डॉलरपर्यंत असते. तेथील शालेय जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाच्या तुलनेत हा आकडा नगण्य ठरतो. तरीही तो महत्त्वाचा का ठरला, याचे कारण त्याच्या आकारात नसून तो ज्या मार्गाने शिक्षकापर्यंत पोहोचतो त्या मार्गात आहे. शासकीय अनुदान वरून ठरलेल्या शीर्षाखाली येते; शिक्षकाने ते त्या शीर्षाखालीच खर्ची घालावयाचे असते. लघुअनुदानात प्रवास उलट दिशेने होतो. वर्गातील अडचण शिक्षक ओळखतो, तीवर उपाय सुचवितो, त्याचा खर्च मांडतो आणि समाजातील काही माणसे तो प्रस्ताव वाचून निर्णय घेतात.

येथे 'समाज' हा शब्द पालकांपुरता मर्यादित नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. स्थानिक व्यापारी, निवृत्त शिक्षक, माजी विद्यार्थी, बँकेचा शाखाधिकारी अशा ज्यांची मुले त्या शाळेत शिकत नाहीत त्यांचाही वाटा या निधीत असतो.

उगम : मालमत्ताकर आणि लोकनिधी

अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा खर्च दीर्घकाळ मुख्यतः स्थानिक मालमत्ताकरातून भागविला जाई. ज्या गावातील घरे महाग त्या गावातील शाळा संपन्न, असा त्याचा उघड परिणाम होता. कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या खटल्यात ही पद्धत समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील खर्चाची तफावत कमी करणे राज्याला भाग पडले. त्यापाठोपाठ जून १९७८ मध्ये त्याच राज्यातील मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केले. मालमत्ताकराचा दर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि मूल्यांकनातील वार्षिक वाढीवर २ टक्क्यांची मर्यादा आली. मालमत्ताकराचे उत्पन्न एकदम निम्म्याहून खाली घसरले. संगीत, चित्रकला, ग्रंथालय, उन्हाळी वर्ग यांवर प्रथम कुऱ्हाड कोसळली.

ही पोकळी भरून काढण्यासाठी पालकांनी आणि नागरिकांनी नोंदणीकृत धर्मादाय निधी स्थापन करण्यास सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्को एज्युकेशन फंड हा १९७९ चा. मात्र या चळवळीचा उगम केवळ करकपातीत शोधणे बरोबर होणार नाही. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे १९७८ साली निघालेल्या निधीमागे निराळी प्रेरणा होती. पोलाद उद्योगाला उतरती कळा लागलेल्या त्या शहरात सार्वजनिक शाळांवरील लोकांचा विश्वास डळमळीत झाला होता. शिक्षकांना छोटी अनुदाने देण्यामागे पैशाची उणीव भरून काढण्यापेक्षा शहरातील प्रतिष्ठित मंडळींना शाळेच्या वर्गापर्यंत आणणे हा उद्देश होता. असे निधी इतर शहरांतही निघावेत यासाठी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने १९८३ मध्ये 'पब्लिक एज्युकेशन फंड' ही संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली एक्झॉन कंपनीच्या शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या मदतीने सुरू झालेल्या 'इम्पॅक्ट टू' या योजनेने आणखी एक भर घातली. एखादा उपक्रम यशस्वी करून दाखविणाऱ्या शिक्षकाला तो इतरांना शिकविण्यासाठी अनुदान आणि तो उपक्रम आपल्या वर्गाला जुळवून घेऊ इच्छिणाऱ्या दुसऱ्या शिक्षकालाही अनुदान, अशी ती दुहेरी रचना होती. आपल्याकडे आदर्श शिक्षकाचा सत्कार होतो; त्याचे काम शेजारच्या शाळेने उचलावे म्हणून त्या शेजाऱ्याला काही मिळत नाही. या दृष्टीने ही रचना विशेष विचारात घेण्यासारखी वाटते.

अर्जापासून हिशेबापर्यंत

या निधींची कार्यपद्धती सोपी असते आणि तिचे सामर्थ्य या सोपेपणातच आहे. वर्षातून एकदा किंवा दोनदा अर्ज मागविले जातात. अर्ज दोन-तीन पानांचा. त्यात विचारलेल्या गोष्टी पाहिल्या की अर्ज लिहिणे हे स्वतःच एक पाठनियोजन आहे, हे लक्षात येते. मुलांना नेमके काय जड जाते? त्यासाठी आपण काय करणार? किती मुलांना त्याचा लाभ होईल? कोणत्या वस्तू लागतील आणि त्यांची किंमत काय? उपयोग झाला की नाही हे कशावरून ओळखणार? पुढच्या वर्षी या साहित्याचे काय होईल?

आपल्या परिस्थितीतील एक कल्पित उदाहरण घेऊ. चौथीच्या मुलांना ग्रॅम-किलोग्रॅमची उदाहरणे पुस्तकातून सोडविता येतात, परंतु अर्धा किलो कांदे म्हणजे साधारण किती, याचा अंदाज बहुतेकांना सांगता येत नाही, असे एका शिक्षिकेच्या ध्यानात आले. दोन तराजू, वजनांचे दोन संच, मापनपात्रे आणि एक ताणकाटा एवढे साहित्य तिला हवे आहे; खर्च अडीच-तीन हजार रुपये. पंधरा दिवस वर्गात आठवडी बाजार भरविणे, प्रथम अंदाज आणि मग मोजणी करून दोन्हींची नोंद ठेवणे आणि पहिल्या दिवशीच्या चुका शेवटच्या दिवशी किती उणावल्या हे पाहणे, ही तिची योजना. अशा अर्जावर निर्णय देण्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. किराणा दुकानदारालाही तो समजतो, किंबहुना त्याला तो अधिकच समजेल.

अमेरिकेत निवडसमितीत असेच मिश्र सदस्य असतात. अनेक ठिकाणी अर्जदाराचे व शाळेचे नाव झाकून अर्ज वाचले जातात. काय द्यावयाचे नाही याचे नियम बहुधा स्पष्ट असतात. शिक्षकाचे वेतन, नेहमीची लेखनसामग्री, शालेय जिल्ह्याने पुरविणे बंधनकारक असलेली पाठ्यपुस्तके यांसाठी अनुदान दिले जात नाही. हा शेवटचा नियम किरकोळ वाटला तरी तोच या पद्धतीचा कणा आहे, कारण शासनाची जबाबदारी लोकनिधीने उचलण्यास सुरुवात केली की शासन ती सोडून देते. मंजूर झालेले अनुदान अचानक वर्गात जाऊन मुलांसमोर जाहीर करण्याची गमतीदार प्रथाही पुष्कळ गावांत आहे. फुगे घेऊन विश्वस्त वर्गात शिरतात. या थाटामाटाला नाके मुरडता येतील. परंतु आपल्या बाईंच्या कल्पनेला गावाने मान दिला, हे मुलांनी पाहण्याचे मोल कमी नाही.

वर्षअखेरीस शिक्षकाने पावत्यांसह एक-दोन पानी अहवाल द्यावयाचा असतो. अहवाल न देणारा पुढील वर्षी अपात्र ठरतो. उपक्रम फसला म्हणून मात्र कोणी अपात्र ठरत नाही. प्रस्तुत लेखकास हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे शासकीय पैशातून केलेला प्रयोग फसला असे लिहून देण्याची सोयच नसल्याने प्रत्येक उपक्रम कागदावर यशस्वी होतो आणि काय फसते, याविषयीचे ज्ञान कोठेही साठत नाही.

शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण

वर्गसाहित्याइतकाच दुसरा भाग शिक्षकाच्या व्यावसायिक विकासाचा आहे. ह्यूस्टन येथे २००१ साली स्थापन झालेल्या 'फंड फॉर टीचर्स' या संस्थेची पद्धत उदाहरणादाखल पाहता येईल. उन्हाळ्याच्या सुटीत आपण काय शिकणार, कोठे जाणार, याची आखणी शिक्षक स्वतः करतो. एका शिक्षकाला ५,००० डॉलरपर्यंत आणि गटाला १०,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. भूगोलाची शिक्षिका ज्वालामुखी पाहण्यासाठी जाऊ शकते, भाषेचा शिक्षक निर्वासितांच्या मुलांची भाषा शिकण्यासाठी जाऊ शकतो. परत आल्यावर त्या अनुभवाचे वर्गात काय केले, हे त्याने दाखवावयाचे असते. लहान गावांतील निधी एवढी रक्कम देऊ शकत नाहीत. ते एखाद्या परिषदेचे शुल्क, एखाद्या अभ्यासक्रमाची फी किंवा दुसऱ्या शाळेत दोन दिवस बसण्यासाठीचा प्रवासखर्च देतात.

आपल्याकडील सेवांतर्गत प्रशिक्षणाशी याची तुलना केल्यास फरक कळतो. सर्व शिक्षा अभियानात वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. 'निष्ठा' प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले आणि कोरोनाच्या काळात ते 'दीक्षा' मंचावर गेले. या सर्व योजनांत पैसा आणि श्रम खर्च झाले आहेत, हे नाकारता येणार नाही. परंतु काय शिकावयाचे हे शिक्षकाने ठरविण्यास त्यांत फारच थोडा वाव आहे. राज्यस्तरावर तयार झालेला आशय जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत शेवटी शिक्षकाच्या हाती येतो तेव्हा तो पुष्कळदा फलकावरून उतरवून घेण्याच्या टिपणांपुरता उरतो.

संकेतस्थळावरील देणगीदार

इ. स. २००० मध्ये या चळवळीला निराळे वळण मिळाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील विंग्ज अकॅडमी या शाळेत इतिहास शिकविणारे चार्ल्स बेस्ट पहाटे शाळेत येऊन एका कादंबरीची पाने मुलांसाठी छायाप्रत करीत असत, कारण पुस्तकाच्या प्रती घेण्यास पैसे नव्हते. शिक्षकांच्या खोलीत सहकाऱ्यांच्या अशाच अडचणी ते ऐकत. त्यातून 'डोनर्स चूज' हे संकेतस्थळ जन्मास आले. शिक्षकाने आपली गरज किमतीसह मांडावयाची आणि देशातील कोणीही तीतील हवा तेवढा वाटा उचलावयाचा. पहिल्या अकरा मागण्यांपैकी बहुतेकांचा खर्च बेस्ट यांनीच नाव न कळविता भागविला. संकेतस्थळावर खरोखरीच देणगीदार आहेत, असा सहकाऱ्यांचा समज झाला आणि मागण्या वाढल्या. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळा सुटल्यानंतर बसून दोन हजार लोकांना हाताने पत्रे लिहिली. त्यांतून सुमारे ३०,००० डॉलर जमले. ही योजना २००७ पासून संपूर्ण अमेरिकेतील सार्वजनिक शाळांना खुली झाली. मार्च २०१८ मध्ये तर रिपल या कंपनीने २.९ कोटी डॉलर देऊन त्या वेळी संकेतस्थळावर असलेल्या सर्वच मागण्या पूर्ण केल्या.

या पद्धतीतील एक दक्षता विशेष उल्लेखनीय आहे. संस्था शिक्षकाच्या हाती रोख रक्कम देत नाही. ती मागितलेल्या वस्तू विकत घेऊन शाळेच्या पत्त्यावर पाठविते आणि शिक्षकाने छायाचित्रे व मुलांची आभारपत्रे पाठवावयाची असतात. गैरव्यवहाराची शंका त्यामुळे उरत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, अनोळखी देणगीदाराचे मन द्रवावे म्हणून आपल्याच विद्यार्थ्यांच्या दारिद्र्याचे वर्णन करण्याचा मोह शिक्षकाला होतो. हिशेबाचा आणि मुलांच्या खासगीपणाचा प्रश्न पुढे करून काही शालेय जिल्ह्यांनी शिक्षकांना अशा संकेतस्थळांवर मागणी नोंदविण्यास मनाई केली, ती याच कारणाने. ओळखीच्या गावातील निधीत हा दोष कमी असतो. तेथे मुलांची गरिबी कोणाला समजावून द्यावी लागत नाही. वाचली जाते ती योजना.

या साऱ्यामागचे वास्तव काय आहे, हे एका आकडेवारीवरून स्पष्ट होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या पाहणीनुसार २०१४-१५ या वर्षी तेथील सार्वजनिक शाळांतील ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी पदरचे पैसे खर्च केले आणि ही रक्कम सरासरी ४७९ डॉलर होती. शिक्षकांच्या अशा खर्चावर २५० डॉलरपर्यंतची प्राप्तिकर वजावट २००२ पासून लागू झाली. २०२२ मध्ये ती ३०० डॉलर झाली. म्हणजे लोकनिधी पुष्कळ असूनही वर्गाचा पहिला देणगीदार शिक्षकच आहे. आपल्याकडील शिक्षकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

विषमतेचा प्रश्न

लोकनिधीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप हा की, ज्या समाजाकडे पैसा आहे त्याच समाजाच्या शाळेला तो मिळतो. न्यायालयाने करपद्धतीतील विषमता दूर करण्यास सांगितले आणि तीच विषमता देणगीच्या रूपाने मागील दाराने परत आली, अशी ही टीका आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉब राईश यांनी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील वुडसाइडसारख्या धनिक गावांच्या शालेय निधीचा दाखला देऊन या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्यांच्या युक्तिवादातील महत्त्वाचा मुद्दा करसवलतीचा आहे. श्रीमंत पालक आपल्याच मुलांच्या शाळेला देणगी देतो आणि तीवर करसवलत घेतो. शासनाचा तेवढा महसूल बुडतो. म्हणजे गरीब वस्तीतील नागरिकही अप्रत्यक्षपणे त्या श्रीमंत शाळेला हातभार लावीत असतो. अशा देणगीला दान म्हणावे की स्वतःच्या मुलासाठी केलेली खरेदी म्हणावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

यावर काही ठिकाणी उपाय योजले गेले. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे अनेक वर्षे असा नियम होता की, एखाद्या शाळेच्या पालकांनी जमविलेल्या रकमेपैकी पहिले १०,००० डॉलर त्या शाळेकडे राहावेत आणि त्यावरील रकमेचा एक तृतीयांश हिस्सा सामायिक निधीत जाऊन गरजू शाळांना मिळावा. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका-मालिबू या शालेय जिल्ह्याने २०११ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. कर्मचारी आणि शिक्षकांचा व्यावसायिक विकास यांसाठीचा निधी एकेका शाळेने न जमविता संपूर्ण जिल्ह्यासाठी एकत्र जमवावा आणि सर्व शाळांत वाटावा, असा ठराव तेथील मंडळाने केला. समुद्रकाठच्या मालिबूतील धनाढ्य पालकांनी त्याला कडाडून विरोध केला. आमचा पैसा आमच्या शाळेत दिसणार नसेल तर आम्ही का द्यावा, ही त्यांची भूमिका होती.

ही भूमिका संकुचित आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती लोकवर्गणीच्या मुळाशीच असलेली प्रवृत्ती आहे. माणूस आपल्या गावाला, आपल्या शाळेला देतो. 'सर्वांना' द्यावयाचे तर तो कर भरतो. आपुलकीमुळे देणगी येते आणि आपुलकीमुळेच ती विषम वाटली जाते. सामायिक हिस्सा किती ठेवावा याचे सर्वत्र लागू पडेल असे सूत्र अद्याप कोणाला सापडलेले नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

आता आपल्याकडे वळू. शिक्षकाच्या हाती स्वतंत्रपणे खर्च करण्यासाठी रक्कम देण्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही असे नाही. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि त्यानंतरच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला अध्यापन-साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम तुटपुंजी होती, वर्ष सरत आल्यावर ती हाती पडे, आणि मार्चअखेर पावती जोडण्याच्या घाईत तिचे रूपांतर पुष्कळदा कार्डशीट, थर्माकोल आणि भिंतीवरच्या तक्त्यांत होई. तरीही ती शिक्षकाची रक्कम होती. समग्र शिक्षा अभियान २०१८ मध्ये सुरू झाल्यानंतर पटसंख्येनुसार शाळेला एकत्रित अनुदान देण्याची पद्धत आली. पन्नास-साठ पटाच्या शाळेला या सूत्रानुसार वर्षाला कमाल २५,००० रुपये मिळू शकतात. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेसाठी राखावयाचे, आणि उरलेल्यात वीजबिल, इंटरनेट, पाणी, नादुरुस्त उपकरणे व अध्यापन-साहित्य हे सारे बसवावयाचे. वीजबिल आणि तराजू यांच्या स्पर्धेत तराजूचा पराभव ठरलेलाच असतो.

लोकसहभागाची वाट खुली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २१ ने शालेय व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ नुसार तिने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा आहे. राज्यात २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून संगणक, प्रक्षेपक आणि दूरचित्रवाणी संच घेण्याची लाट आली. केंद्र शासनाच्या 'विद्यांजली' मंचाद्वारे २०२१ पासून स्वयंसेवकांना आपली सेवा किंवा वस्तू शाळेला देता येतात. परंतु या प्रत्येक ठिकाणी मागणी शाळेच्या नावाने होते, आणि ती बहुधा वस्तूंची यादी असते. त्या वस्तूंनी काय शिकवावयाचे हा प्रश्न यादीत नसतो. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी तीन हजार रुपयांच्या प्रस्तावासाठी नसतोच.

छात्राध्यापकांच्या आंतरवासितेच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे अनेक शाळांत जाणे होते. एका शाळेत लोकवर्गणीतून आलेला मोठा दूरचित्रवाणी संच भरतकामाच्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता. देणगीदाराचे नाव तैलरंगात शेजारच्या भिंतीवर ठळकपणे लिहिलेले होते. वीजजोडणी थकबाकीमुळे तोडलेली होती. त्याच शाळेतील शिक्षकांनी मुलांसाठी गोष्टींची पुस्तके स्वतःच्या पगारातून आणली होती आणि त्यांची नोंद कोठेच नव्हती. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, घेणाऱ्याचाही होता. फक्त काय द्यावे हे वर्गात उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

शिक्षक वर्गणीसाठी गावात फिरतात, हेही नमूद केले पाहिजे. यात्रा समिती, माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे, वाढदिवस, पुण्यस्मरण अशा प्रसंगी शाळेसाठी शब्द टाकण्याचे काम त्यांच्याकडे असते. काहींना ते उत्तम साधते. पुष्कळांना संकोच वाटतो, आणि ज्याला मागता येत नाही तो शिक्षक निष्क्रिय ठरतो. चांगले शिकविणे आणि चांगली वर्गणी गोळा करणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. लघुअनुदानाच्या पद्धतीत निधी जमविणारे वेगळे आणि प्रस्ताव लिहिणारे वेगळे असतात. ही विभागणी आपल्याकडे झाली तर एवढ्या एकाच कारणासाठीही ती इष्ट ठरेल.

केंद्रस्तरावरील निधी : एक सूचना

असा निधी गावपातळीवर काढल्यास ऊसपट्ट्यातील गाव आणि डोंगरातील पाडा यांच्यातील अंतर वाढेल. जिल्हापातळीवर काढल्यास देणगीदाराची आपुलकी संपेल. या दोन्हींमधील योग्य पातळी 'केंद्र' ही वाटते. एका केंद्रात परस्परांना ओळखणाऱ्या साधारण दहा-पंधरा शाळा असतात, त्यांत एखादे बाजाराचे गाव असते आणि वाड्यावस्त्याही असतात. शिक्षक दरमहा शिक्षण परिषदेच्या निमित्ताने एकत्र येतात. ज्यांना द्यावयाचे आहे त्यांनी आपल्या शाळेला अवश्य द्यावे. त्यातील ठराविक हिस्सा, समजा एक पंचमांश, केंद्राच्या निधीत जावा. वर्षाला एखादा लाख रुपये जमले तरी तीन-तीन हजारांची तीसहून अधिक अनुदाने देता येतील. निवडसमितीत दोन निवृत्त शिक्षक, दोन पालक, एक दुकानदार किंवा शेतकरी आणि ज्याचा प्रस्ताव विचारात नाही असा एक कार्यरत शिक्षक असावा. केंद्रप्रमुखांना निवडसमितीत घेऊ नये, असे सुचवावेसे वाटते. तपासणी करणारा आणि अनुदान देणारा अधिकारी एकच असला की प्रस्ताव त्याच्या आवडीनुसार लिहिले जातात.

अर्ज मराठीत, हस्ताक्षरात, दोन पानांचा. शिक्षकाच्या शिकण्यासाठीचे अर्ज वेगळ्या गटात घ्यावेत, अन्यथा वस्तूंच्या अर्जांपुढे ते टिकणार नाहीत. दुसऱ्या केंद्रातील एखाद्या शिक्षिकेचा बहुवर्ग अध्यापनाचा तास दोन दिवस बसून पाहण्यासाठी एस.टी.चे भाडे आणि जेवणखर्च एवढीच मागणी असली तरी ती स्वीकारावी. त्या दोन दिवसांची रजा मात्र निधी देऊ शकत नाही. ती कर्तव्यकाल म्हणून धरण्याचा आदेश प्रशासनानेच काढला पाहिजे.

एक अडचण आपल्या व्यवस्थेतील आहे आणि अमेरिकेच्या अनुभवात तिचे तयार उत्तर नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. अनुदानातून घेतलेले साहित्य शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढले की ते शाळेचे झाले आणि ते कसे वापरावयाचे हे जाणणारी शिक्षिका पुढच्या गावी गेली. नव्याने आलेला शिक्षक मोडतोडीच्या भीतीने तराजू कपाटात ठेवतो, कारण मूल्यमापनापेक्षा नोंदवहीतील वस्तू जाग्यावर असणे त्याच्या दृष्टीने अधिक निकडीचे असते. याकरिता दोन हजार रुपयांखालील साहित्य उपभोग्य वस्तू म्हणून नोंदविण्याची मुभा द्यावी, म्हणजे ते झिजले, फुटले तरी वसुलीचा प्रश्न येणार नाही. बदली झालेल्या शिक्षिकेला नव्या शाळेत तोच उपक्रम पुन्हा उभा करण्यासाठी प्राधान्याने अनुदान मिळावे आणि जुन्या शाळेतील नव्या शिक्षकाला तिच्याकडून तो समजून घेण्यासाठी एका दिवसाचा प्रवासखर्च मिळावा. न्यूयॉर्कमधील दुहेरी अनुदानाची कल्पना येथे उपयोगी पडू शकते. तिला लागणारा पैसा एका दूरचित्रवाणी संचाच्या किमतीहून बराच कमी आहे.